पांढरे निशाण: शरणागती की संवाद?



मार्च २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांच्या एका मुलाखतीवरून मोठे वादळ उठले होते. त्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात दोघा-तिघांनी मला अडवून विचारले, "फादर, पोप महोदयांनी युक्रेनला हार मानायला सांगितली, हे खरे का?" मी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि पुढच्या मिस्साच्या तयारीला लागलो. उत्तर अपुरे होते, हे मला तेव्हाच ठाऊक होते. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस प्रभुघरी गेले, तरी तो प्रश्न मागे राहिला आहे. मागे एका विभागसभेत तो पुन्हा निघाला, आणि एक आजोबा जरा रागानेच म्हणाले, "पांढरे निशाण म्हणजे संपलेच की सगळे!" त्यांना उत्तर म्हणून आजचा हा पाठ.

आधी मुलाखतीत काय घडले ते पाहू. स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषेतील दूरचित्रवाणीने ही मुलाखत फेब्रुवारीत ध्वनिमुद्रित केली होती. तिचा काही भाग ९ मार्च २०२४ रोजी बाहेर आला. 'पांढरे निशाण' हा शब्द पहिल्यांदा वापरला तो मुलाखत घेणाऱ्याने. पोप महोदयांनी तोच शब्द उचलला, आणि जो परिस्थिती पाहतो, आपल्या लोकांचा विचार करतो आणि पांढरे निशाण हाती घेऊन बोलणी करण्याचे धैर्य दाखवतो तो अधिक बलवान, अशा अर्थाचे उत्तर दिले. दुसऱ्याच दिवशी युक्रेनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आमचे निशाण निळे-पिवळे आहे, असे ठणकावले. ११ मार्चला कीव्हमधील पोपच्या राजदूतांना बोलावून नाराजी कळवण्यात आली. युक्रेनमधील ग्रीक-कॅथलिक ख्रिस्तसभेचे प्रमुख महागुरू शेव्हचुक ह्यांनीही आमचे लोक जखमी आहेत, पण जिंकले गेलेले नाहीत, हे स्पष्ट केले. व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी खुलासा केला की पोप महोदयांना शरणागती नव्हे, तर युद्धविराम आणि धैर्याने केलेली बोलणी अभिप्रेत होती. पुढे कार्डिनल पारोलिन ह्यांनी, गोळीबार आधी आक्रमण करणाऱ्याने थांबवला पाहिजे, असे सांगितले.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर तो शब्द पोप महोदयांनी उचलायला नको होता. ज्याच्या घरात दुसरा घुसला आहे त्यालाच आधी फडके दाखवायला सांगितले, असा अर्थ निघणार हे उघड होते, आणि त्या लोकांचे दुःख खरे होते. मात्र 'पांढरे निशाण म्हणजे हार' हे जे आपण सगळ्यांनी, वर्तमानपत्रांनीही, धरून चाललो, ते तितकेसे बरोबर नाही.

संत ऑगस्टीन ह्यांनी 'ख्रिस्ती शिकवणुकीविषयी' ह्या ग्रंथात खुणांचे दोन प्रकार सांगितले आहेत. काही खुणा निसर्गतःच असतात: धूर दिसला की आग कळते, पावलाचा ठसा दिसला की कोणीतरी गेले हे कळते. काही खुणा मात्र माणसे एकमेकांना देतात. ह्या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण देताना संत ऑगस्टीन चक्क सैन्याच्या निशाणांचा उल्लेख करतात. सेनापतीच्या मनातले ती डोळ्यांना कळवतात. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा भाग शिकताना मला जांभया येत असत, हे कबूल करतो. पण मुद्दा मोठा आहे. धुराचा अर्थ कोणी ठरवलेला नाही. निशाणाचा अर्थ ठरवावा लागतो, आणि तो दोघांनी मिळून पाळावा लागतो. दाखवणाऱ्याने एक म्हटले आणि पाहणाऱ्याने दुसरेच वाचले, तर ते फक्त काठीला बांधलेले फडके उरते.

म्हणूनच पांढऱ्या निशाणाचा अर्थ सगळीकडे एक नाही. छत्तीसगडमध्ये गुरू घासीदासांच्या सतनामी पंथाचे लोक 'जैतखांब' उभा करतात. खांबही पांढरा आणि त्यावरचे निशाणही पांढरे. गिरौदपुरी येथील जैतखांब सुमारे ७७ मीटर उंच, म्हणजे कुतुबमिनारपेक्षाही उंच आहे. दरवर्षी १८ डिसेंबरला, गुरूंच्या जयंतीला, तेथे नवे पांढरे निशाण चढवतात. ज्यांना शतकानुशतके अस्पृश्य म्हणून वाकायला लावले त्या लोकांचे हे ताठ मानेचे निशाण आहे. तिथे कोणी शरणागती म्हणून पाहा!

फ्रान्सच्या बूर्बाँ राजघराण्याचे निशाण पांढरे होते. १८७१ साली फ्रान्सच्या संसदेत राजेशाहीवाद्यांचे बहुमत होते, सिंहासन जवळजवळ तयार होते. पण वारस असलेल्या शाँबोरच्या सरदाराने तिरंगी निशाण स्वीकारायला नकार दिला. पूर्वजांचे पांढरेच हवे, हा हट्ट त्याने १८७३ मध्येही सोडला नाही. राज्य गेले, निशाण राहिले. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आले तेही पांढरेच निशाण घेऊन, त्यावर काळ्या अक्षरांत त्यांच्या श्रद्धेचे शब्द.

आपल्या ख्रिस्तसभेतही पांढरा रंग हरण्याचा नाही. स्नानसंस्काराच्या वेळी बाळाला पांढरे वस्त्र देतात. पुनरुत्थानकाळात वेदीवर पांढरा रंग असतो. पुनरुत्थित प्रभूची मूर्ती किंवा चित्र नीट पाहा: प्रभूच्या हातात काठी आणि त्या काठीला पांढरे निशाण, वर तांबडा क्रूस. पिएरो देला फ्रांचेस्का ह्या चित्रकाराने पंधराव्या शतकात सानसेपोल्क्रो गावात काढलेल्या प्रसिद्ध चित्रात प्रभू कबरीच्या कठड्यावर एक पाय ठेवून उभा आहे, खाली शिपाई झोपले आहेत आणि हातात तेच निशाण आहे. मृत्यूवर मिळवलेल्या विजयाचे निशाण पांढरे आहे.

मग शरणागतीशी ह्या रंगाचा संबंध आला कुठून? चीनमध्ये पांढरा हा सुतकाचा रंग. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या अखेरीस छिन घराण्याचा शेवटचा राजा पांढरे घोडे जोडलेल्या साध्या रथातून, गळ्यात दोरी अडकवून विजेत्यापुढे आला, असे तिथला जुना इतिहास सांगतो. स्वतःच्या मयतालाच निघाल्यासारखा! रोममध्ये इ.स. ६९ साली क्रेमोना शहराच्या वेढ्यात आतल्या सैनिकांनी तटावरून शरणार्थ्यांच्या लोकरीच्या पट्ट्या दाखवल्याचे टॅसिटस लिहितो. रोमन माणसाला ती खूण देवळातून ठाऊक होती. पट्टी बांधलेला माणूस देवाच्या आश्रयाला आहे, त्याला हात लावू नये.

आज जगात मान्य असलेला अर्थ कायद्यात लिहिलेला आहे. १८९९ साली हेग शहरात युद्धाचे नियम ठरले आणि १९०७ साली ते पुन्हा मांडले गेले. त्यातील ३२ वा नियम म्हणतो की एका पक्षाने दुसऱ्याशी बोलण्यासाठी अधिकार देऊन पाठवलेला, पांढरे निशाण घेऊन येणारा माणूस अवध्य आहे. त्याच्याबरोबरचा कर्णेकरी किंवा ढोलकरी, निशाण धरणारा आणि दुभाषा, ह्या सगळ्यांनाही तेच संरक्षण. त्या माणसाला फ्रेंचमध्ये जे नाव आहे ते 'बोलणे' ह्या शब्दावरूनच आले आहे. नियमात 'हरलेला' असे कुठेही म्हटलेले नाही. जिंकत असलेली बाजूही हे निशाण पाठवू शकते. पुढचा नियम सांगतो की समोरच्या सेनापतीने प्रत्येक वेळी त्याला भेटलेच पाहिजे असे नाही, आणि तो हेरगिरी करणार नाही ह्याची काळजी घेण्याचा त्याला हक्क आहे. निशाणाचा गैरवापर करून फसवणे मात्र सक्त मना आहे. ह्या नियमांत भाबडेपणा नाही, हे लक्षात घ्या.

तरीही व्यवहारात हे निशाण बहुधा हरणाऱ्याच्याच हाती दिसते, हे खरे. ९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेच्या यादवी युद्धात जनरल लींच्या बाजूने पुढे आलेले निशाण म्हणजे एक भांडी पुसायचे पांढरे फडके होते. त्याचा तुकडा वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. आपल्या वसईच्या किल्ल्याचा शेवटही मे १७३९ मध्ये बोलणीनेच झाला, आणि चिमाजी अप्पांनी पोर्तुगीज शिबंदीला कुटुंबांसह बाहेर पडू दिले. लढाई आणखी आठवडाभर चालली असती, तर दोन्ही बाजूंचे आणखी किती मेले असते, ह्याचा हिशोब कोणी करत नाही.

खुद्द एका पोपनेही पांढरे निशाण उभारले आहे. २० सप्टेंबर १८७० रोजी पहाटे इटलीच्या सैन्याने रोमच्या तटावर तोफा डागल्या. बाहेर सुमारे पन्नास हजार, आत पोपचे सुमारे तेरा हजार. पोप नववे पायस ह्यांनी सेनापती कान्झलर ह्यांना आधीच कळवले होते: विरोध करायचा तो अन्याय झाला हे जगाला दिसावे एवढ्यापुरताच, रक्तपात नको. पोर्ता पियाजवळ तट फुटला आणि संत पेत्राच्या बॅसिलिकेच्या घुमटावर पांढरे निशाण चढले. तोवर दोन्ही बाजूंचे मिळून साठाहून अधिक सैनिक ठार झाले होते. हजार वर्षांचे पोपचे राज्य त्या सकाळी संपले. पोप महोदय स्वतःला व्हॅटिकनमधील कैदी म्हणवू लागले, आणि तो प्रश्न सुटायला १९२९ उजाडले. गंमत अशी, की १९६२ साली कार्डिनल मोंतिनी, म्हणजे पुढचे पोप सहावे पॉल, ह्यांनी रोममध्येच भाषण करताना ते राज्य जाण्यामागे परमेश्वराची योजना होती असे म्हटले. नवव्या पायस ह्यांना हे पटले असते का? मला शंका आहे. पण निशाण त्यांनीच चढवायला लावले होते.

आता आपल्या शेजारी, गोव्याकडे वळू. १४ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार ह्यांनी गव्हर्नर जनरल वास्सालो इ सिल्वा ह्यांना हुकूम पाठवला: शरणागती नाही, विजयी व्हा किंवा मरा. गोव्यात पोर्तुगीज सैनिक होते तीन-साडेतीन हजार; समोर भारतीय सैन्य त्याच्या कितीतरी पट. १८ डिसेंबरला मुरगाव बंदराजवळ 'अफोंसो द अल्बुकर्क' ह्या पोर्तुगीज युद्धनौकेवर भारतीय नौकांचे गोळे पडले, कप्तान गंभीर जखमी झाला आणि खलाशांनी पांढरे निशाण चढवले. पण वाऱ्याने ते डोलकाठीभोवती गुंडाळले गेले. आपल्या नौकांना ते दिसलेच नाही, आणि गोळीबार चालूच राहिला. निशाण होते, हेतूही होता, पण खूण पोचली नाही.

दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गव्हर्नरांनी हुकूम मोडून शरणागती पत्करली. आपल्यासाठी तो गोवा मुक्तीचा दिवस. त्यांच्यासाठी बदनामीची सुरुवात. १९६३ साली त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. सालाझारची राजवट एप्रिल १९७४ मध्ये कोसळली, त्यानंतरच त्यांना मान परत मिळाला. एक विचार करा. त्यांनी हुकूम पाळला असता, तर पणजी, मडगाव, म्हापसा, जुने गोवे ह्यांचे काय झाले असते? त्या गव्हर्नरचे राज्य अन्यायाचे होते ह्यात मला शंका नाही. तरीही, शेवटच्या दिवशी त्याने आपल्या हाताखालच्या मुलांना मरायला लावले नाही, हे त्याच्या खात्यावर जमा केले पाहिजे.

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (२३०९) न्याय्य संरक्षणासाठी ज्या अटी घालतो, त्यात यश मिळण्याची खरीखुरी शक्यता असावी, ही एक अट आहे. लोकांच्या संरक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी ते करणे कर्तव्यच आहे, असेही तोच ग्रंथ सांगतो. ह्या दोन गोष्टींच्या मध्ये उभे राहून निर्णय घेणे फार कठीण असते. चर्चच्या आवारात उभे राहून आपण तो पटकन घेतो.

प्रभू येशूने हे कठीण गणित एका छोट्या दाखल्यात मांडले आहे. संत लूककृत शुभवर्तमान, अध्याय १४, ओव्या ३१ आणि ३२. एका राजाकडे दहा हजार, समोरून येणाऱ्याकडे वीस हजार. तो आधी बसतो आणि विचार करतो. जमणार नसेल तर दुसरा अजून दूर असतानाच वकील पाठवून सलोख्याची बोलणी करतो. मला ह्यातले दोन तपशील महत्त्वाचे वाटतात. तो बसतो, घोड्यावरून निर्णय घेत नाही. आणि शत्रू अजून दूर आहे. तट फुटल्यावर, डोलकाठी मोडल्यावर तो निशाण शोधत नाही. येशू येथे युद्धनीती शिकवत नाही, शिष्य होण्याची किंमत मोजायला सांगतो, हे खरे. पण उदाहरण म्हणून त्याने ह्या राजाची निवड केली आणि त्याला भित्रा म्हटले नाही.

पांढऱ्या निशाणाच्या कथांपैकी मला कधीच विसरता न येणारी कथा जपानच्या ओकिनावा बेटावरची आहे. जून १९४५. बेटावर तीन महिने घनघोर लढाई चालली होती. शरण जाणे ही सर्वात मोठी नामुष्की, असे लोकांच्या मनावर बिंबवलेले. तोमिको हिगा नावाची सुमारे सात वर्षांची मुलगी भावंडांपासून चुकून एकटीच रानात भटकत होती. एका गुहेत तिला एक म्हातारे जोडपे भेटले. आजोबांचे हात-पाय गेलेले, आजी आंधळी. अमेरिकनांनी बाहेरून पुकारा केला, तेव्हा त्या आजोबांच्या लंगोटाच्या कापडाचे पांढरे निशाण त्यांनी तिला करून दिले आणि बाहेर पाठवले. २५ जून रोजी एका अमेरिकन सैनिकाने तिचा फोटो काढला: फाटके कपडे, एका हातात वेडीवाकडी काठी, तिला ते फडके, आणि दुसरा हात वर. पुढे मोठेपणी तिने स्वतःच पुस्तक लिहून ही हकिगत सांगितली. ती मुलगी जगली, कारण त्या दोघांनी कापड दिले. आणि दुसरेही एक कारण आहे: समोरच्याने बंदूक खाली ठेवली.

हे नेहमी घडत नाही. १५ डिसेंबर २०२३ रोजी गाझामध्ये तीन इस्रायली ओलीस कैदेतून निसटून आपल्याच सैन्याकडे चालत आले. अंगात सदरा नव्हता, काठीला पांढरे कापड बांधले होते. सैनिकांना वाटले, हा सापळा आहे. दोघे तिथेच मारले गेले. तिसरा इमारतीत पळाला, हिब्रूमध्ये मदत मागत राहिला, आणि तोही मारला गेला. त्याच्या महिनाभर आधी, त्याच गाझा शहरात, नातवाचा हात धरून चाललेली एक पॅलेस्टिनी आजी गोळी लागून पडली. नातवाच्या हातात पांढरे निशाण होते. मराठीत 'निशाण' आणि 'निशाणा' हे एकाच फारसी शब्दाचे दोन फाटे आहेत. त्या दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याने पहिल्याचे दुसरे केले.

मी हे का लांबवले ते सांगतो. पूर्वी मी एका दुसऱ्या धर्मग्रामात होतो (कोणता ते विचारू नका). तिथे दोन भावांचा वाडीच्या बांधावरून अकरा वर्षे दावा चालू होता. धाकट्याच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा तो स्वतः पत्रिका घेऊन मोठ्याच्या ओट्यावर गेला. मोठ्याने पत्रिका घेतली, पाणीसुद्धा विचारले नाही. दोन दिवसांनी मी मोठ्या भावाला भेटलो आणि विचारले, "जाणार ना लग्नाला?" ते हसून म्हणाले, "फादर, तो घाबरलाय. दावा त्याच्या अंगावर यायला लागलाय, म्हणून आलाय. आता तर मी मुळीच सोडणार नाही." त्यांनी निशाण पाहिले होते. वाचले मात्र वेगळेच. धाकटा घाबरलेला नव्हता, हे मला ठाऊक होते; आदल्या रात्री तो माझ्यासमोर बसून रडला होता, आणि जाऊ की नको हे त्याने तीनदा विचारले होते. 'जा' असे मीच सांगितले होते. लग्नात वधूच्या बाजूची पहिल्या बाकावरची एक जागा रिकामी राहिली. त्यानंतर धाकटा पुन्हा कधी त्या ओट्यावर गेला नाही, आणि मीही त्याला पुन्हा 'जा' म्हणू शकलो नाही.

ह्या आठवड्याच्या विभागसभांत लूक १४:२५-३३ हा उतारा वाचावा. वाचून झाल्यावर फक्त पहिल्या राजावर नव्हे, तर त्या वीस हजारवाल्या राजावरही बोलावे. वकील दारात आल्यावर त्याने काय केले, हे येशूने सांगितलेले नाही. आणि ज्यांना आपल्या भावाकडे, जावेकडे किंवा शेजाऱ्याकडे निरोप पाठवायचा आहे पण स्वतः जायला पाय उचलत नाही, त्यांच्यासाठी मी सोमवार सोडून रोज संध्याकाळी साडेपाच ते सात धर्मग्राम कार्यालयात असतो. निरोप मी घेऊन जाईन. ढोलकरी बरोबर आणणार नाही.

आपला,
फादर